बोटांवरचा चीक

सौरभ सरांचा फोन आला तेव्हा जव्हारच्या स्टँडबाहेर माझी जीप भरत होती. मागे आठ जण बसले होते, नववी हौशीआजी कोंबडीसकट आत घुसत होती आणि मी तिला सांगत होतो की आजी, कोंबडी मांडीवर घे, तिला वेगळी सीट नाय. शिमगा तोंडावर आलेला, ठाण्या-भिवंडीकडे कामाला गेलेली माणसं पाड्यावर परतत होती, त्यामुळे स्टँडवर पिशव्यांचा आणि हिंदी-मराठी खिचडीचा नुसता कालवा. स्क्रीनवर नाव उमटलं, 'सौरभ सर लीग'. तीन वर्षांत ते एकदाही उमटलं नव्हतं. मी ते पुसून टाकायला हवं होतं. दरवेळी अंगठा तिथपर्यंत जायचा आणि मागे फिरायचा. "हेमंत, कसा आहेस रे?" काल संध्याकाळीच सोबत चहा घेतल्यासारखा आवाज. "गुड न्यूज आहे. लीग परत सुरू होतेय. ऑक्शन-बिक्शन काही नाही, जुन्यांमधून सरळ बारा घेतोय. तुझं नाव मी टाकलंय. फॉर्म पाठवतो, सही करून पाच वाजेपर्यंत परत पाठव. शेवटच्या पानावर एक टिक करायचीय, तेवढी नीट बघून कर." मी "हो सर" म्हणालो. मला माझ्याच त्या "हो सर"चा राग आला. तीन वर्षांत एवढं बोललो होतो स्वतःशी, आरशाशी, बायको प्रगतीशी, जीपच्या काचेशी, आणि माणूस समोर आला तर तोंडातून निघालं ते हेच.

उजव्या हाताची बोटं मात्र माझ्या आधी जागी झाली. स्टिअरिंगवर ती आपोआप पसरली, करंगळी बाजूला गेली, अंगठा वर आला. चेंडू धरायचा असतो तसा. इथे जव्हारात कुणाला हँडबॉल सांगायचा म्हणजे आधी तो व्हॉलीबॉल नाही इथून सुरुवात. सात जण इकडे, सात तिकडे, फुटबॉलसारखा गोल पण छोटा, चेंडू हातात, तीन पावलं आणि उडी, आणि हवेत असताना मारायचं. लोक मान डोलवतात आणि विचारतात, मग नेट कुठं असतं? देशातली पुरुषांची सगळ्यात मोठी लीग, टीव्हीवर दाखवलेली, तिच्यात आमच्या जव्हार-मोखाडा दोन्ही तालुक्यांतून गेलेला मी एकटा. हे मी कुणाला सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना दुसरंच माहीत आहे. त्यांनी तो व्हिडिओ पाहिलाय.

तेवढ्यात पुढच्या दारातून बा आत आला. साखरशेतहून सकाळच्या एसटीने निघून मोखाड्याला, रुपीआत्याकडे जायला. बाचं नाव बुध्या. पुढच्या सीटवर तो असा बसतो की जणू जीप त्याने स्वतः लाकडातून कोरली आहे. "चल आथा," तो म्हणाला, "का मुहूर्त हाय?" मी गाडी काढली. बाला मी लीगचं सगळं कधीच सांगितलेलं नव्हतं. त्याला एवढंच माहीत की पोरगा लांब कुठे खेळायला गेला, टीव्हीवर दिसला, संघ हरला, पोरगा परत आला. माणसं हरतात आणि परत येतात, त्यात विचारायचं काय? त्याच्याकडे स्मार्टफोन नाही, हे त्या तीन वर्षांतलं माझं एकमेव सुख.

वळणावळणाच्या रस्त्याला गाडी लागली की डोकं मोकळं सुटतं, ही चांगली गोष्ट नाही. मला आश्रमशाळेचं मैदान दिसायला लागलं. विठ्ठल सर आमचे खेळाचे शिक्षक. त्यांना कुठल्याशा शिबिरात दोन हँडबॉल मिळाले आणि त्यांनी ठरवून टाकलं की आपण हाच खेळायचा, कारण क्रिकेटचं सामान कोण देणार. दोन चेंडूंवर चार वर्षं काढली. त्यांची पाठ घासून घासून गुळगुळीत झाली, आतला कापडी थर दिसायला लागला. पावसाळ्यात ओल्या हातात ते साबणाच्या वडीसारखे सुटायचे. मी सहावीत होतो. घरी सुट्टीला गेलो तेव्हा बा चीक शिजवत होता. वडाला कोयत्याने चरे पाडून करवंटीत धरलेला पांढरा चीक, त्यात मोहाचं तेल, मातीच्या भांड्यात मंद जाळावर, काडीने ढवळत. चीक बोटांत धरून ताणायचा, तार निघाली की उतरवायचा. पूर्वी हा चीक काड्यांना लावून पाखरं धरायचे. बाने ते कधीच सोडलं होतं, पण शिजवायचं सोडलं नव्हतं. भांड्याची चीर बुजवायला, काठीचं टोक बांधायला, कशालाही लागायचा. मी गंमत म्हणून बोटांच्या पेरांना लावून नेला. सोमवारी मैदानावर चेंडू हाताला असा बसला की विठ्ठल सर दोन मिनिटं नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "जरा मलाही दे रे." त्यानंतर मी, आमची शाळा, जिल्हा, विद्यापीठ, सगळं त्या चिकावर. माझं मनगट त्यावर घडलं. चेंडू सोडायचा नसतो, चिकातून उपटायचा असतो, शेवटच्या क्षणी, दोन बोटांनी. तो तडफडत सुटतो आणि गोलकीपरला वाटतं एकीकडे येतोय, जातो दुसरीकडे. हे कुणी शिकवलेलं नाही. शिकवता आलं असतं तर आज मी जीप चालवत नसतो.

"म्होरं बघ," बा म्हणाला. मी समोरच बघत होतो. पण बाला कळतं कुठे बघतोय ते.

लीगमध्ये पहिल्याच दिवशी नियम सांगितले. हाताला लावायचं ते फक्त आयोजकांच्या डबीतलं. पांढरी डबी, परदेशी अक्षरं. प्रत्येक बाकाशेजारी एक. मोठे खेळाडू त्यातला गोळा बुटाच्या टाचेवर चिकटवून ठेवत आणि खेळता खेळता खाली वाकून बोटांना लावून घेत. मी डबीवरचं बारीक वाचलं. पाइन झाडाची राळ. म्हणजे झाडाचाच चीक, त्यांच्या झाडाचा. मला हसू आलं होतं तेव्हा. पण तो माझ्या हाताला लागेना. माझ्या घामाशी त्याचं पटत नव्हतं, बोटं कोरडी पडायची आणि चेंडू वेळेच्या आधी निसटायचा. पहिल्या चार सामन्यांत मी एकही गोल केला नाही. पाचव्याला मी बाकावर. मला आठवतं, बाकावर बसून मी हाताकडे बघत होतो आणि वाटत होतं हा दुसऱ्याच कुणाचा हात आहे, मला सांभाळायला दिलाय. त्या रात्री बॅगेच्या तळाशी बांबूची नळी होती ती काढली. बाने दिली होती, निघताना, न विचारता. सहाव्या सामन्याला डाव्या बुटाच्या टाचेवर वाटाण्याएवढा चीक. नियम मला ठाऊक होता. मी नियम मोडला. मला हे कधीच लपवायचं नव्हतं, आजही नाही. सात गोल केले त्या दिवशी.

सौरभ सर आमच्या संघाचे व्यवस्थापक. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला माझ्या शेजारी बसले, माझा हात उचलून नाकाजवळ नेला, परत टेबलावर ठेवला. "हाताला काय लावतोस ते मला सांगू नकोस," म्हणाले, "गोल करत राहा." मी करत राहिलो. आमचा संघ तळातून वर आला, मोठ्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला, शिरपामाळावर फिरायला आलेल्या मुंबईच्या लोकांनी चहावाल्याला माझं नाव विचारलं म्हणे. आणि मग उपांत्य सामना. तोपर्यंतचे सामने एका जुन्या हॉलमध्ये झाले होते, कूलर घरघरत असायचे, घाम टपटपायचा. उपांत्य सामना टीव्हीसाठी नव्या हॉलमध्ये ठेवला. मे महिना, बाहेर डांबर वितळतंय, आणि आत असा गारठा की राखीव खेळाडू टॉवेल पांघरून बसलेले. मी टाचेवर नेहमीसारखा चीक लावला. वीस सेकंद उरली होती, आम्ही एकाने मागे. चेंडू माझ्याकडे आला. एक पाऊल, दुसरं, तिसरं, उडी. गोलकीपर चुकीच्या बाजूला झुकला, पूर्ण, गोलचा उजवा कोपरा असा रिकामा होता की मी अजून तो झोपेत बघतो. मी चेंडू उपटला. तो निघाला नाही. थंडीने चीक आळला होता. पाव सेकंद, त्याहून कमी, चेंडू बोटांना धरून राहिला आणि मग माझ्याच पायाजवळ आपटून टुणटुणत गोलकीपरच्या मांडीत गेला. त्याने उचलला तर त्याच्या तळव्याला चिकटला. तो हात झटकत होता, चेंडू सुटेना, सगळा हॉल हसत होता. पंचाने चेंडूचा वास घेतला, माझ्या हाताचा घेतला. मोहाचं तेल. समालोचक म्हणाला, महुआ! आणि पुढचं सगळं दारूचं झालं. आदिवासी खेळाडू महुआ लावून खेळत होता. पिऊन खेळत होता. त्या रात्रीत लाखो लोकांनी ते पाहिलं आणि एकालाही हे सुचलं नाही की दारू कधी चिकटते का.

खरी लाज मला त्या फेकीची नाही. फेकी चुकतात. खरी लाज दुसऱ्या दिवशी सकाळची आहे. हॉटेलच्या खोलीत सौरभ सरांनी पडदा ओढला, मला खुर्चीत बसवलं, संघाची जर्सी घालायला लावली आणि मोबाईल समोर धरला. त्यांनी हिंदीत लिहून आणलं होतं. मी वाचलं. मैं जंगल के इलाके से आता हूँ, मुझे नियम मालूम नहीं था, हमारे यहाँ अनपढ़ लोग जो बनाते हैं वही मैंने लगाया, मुझे माफ कर दीजिए. एकदा वाचताना अडखळलो तर सर म्हणाले, "ते अडखळणं राहू दे, चांगलं वाटतं." मी बी.ए. झालेलो. मी ते म्हणालो. कुणी गळ्यावर सुरा ठेवला नव्हता. मला पुढच्या वर्षी खेळायचं होतं, म्हणून म्हणालो. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याला मला बंदी झाली, वर दंड, आणि पुढच्या वर्षी लीगच झाली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, इथे तर तोंड मीच दाबलं होतं.

मोखाड्यात गाडी रिकामी झाली. बाजाराचा दिवस, तहसीलच्या रस्त्याला माणसांचा लोंढा. हौशीआजीची कोंबडी उतरताना ओरडली. मी नेत्राच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, बा माझ्या मागे. रुपीआत्याकडे जायची त्याला घाई नव्हती, की त्याने माझ्या चेहऱ्यावर काही वाचलं होतं, कोण जाणे. नेत्राने फॉर्म काढून दिला. नऊ पानं इंग्रजीत. ती सराईतपणे पानं उलटत गेली, इथे सही, इथे सही, आणि शेवटच्या पानाशी थांबली. "दादा, हे बघितलंत का?" दोन चौकोन होते. मागील हंगामातील गैरप्रकाराबाबत निवेदन. चौकोन अ : मी दुर्गम भागातील रहिवासी असून, अज्ञानापोटी घरी अशिक्षित व्यक्तीने तयार केलेला अशास्त्रीय पदार्थ वापरला. चौकोन ब : मी हेतुपुरस्सर फसवणूक केली. ब ला टिक केली तर कायमची बंदी, हे खाली बारीक अक्षरात. नेत्राने आणि मी मिळून त्याचं मराठी केलं, एकेक शब्द, मोठ्याने, आणि करताना माझ्या लक्षात आलं नाही की बा दुकानाच्या पायरीवर बसून ऐकतोय. "अ ला करून टाका ना दादा," नेत्रा म्हणाली. "हे असले कागद मी रोज शंभर भरते. कोण वाचतंय?"

मी बाहेर येऊन प्रगतीला फोन लावला. ती अंगणवाडीत होती, मागे पोरं एका सुरात काहीतरी म्हणत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे बघ, तुझ्या जागी मी असते तर टिक करून मोकळी झाले असते. तीन वर्षं तू संध्याकाळी मागच्या भिंतीवर चेंडू मारतोस. कोरड्या हाताने. घरमालकीण रोज मला बोलते, तुमचा नवरा भिंत पाडणार. कशासाठी मारतोस? खेळायलाच ना?" मी हो म्हणालो. "मग जा. खेळ. आणि नाही गेलास तर माझ्यासाठी नाही गेलो असं मला नंतर ऐकवू नकोस, एवढंच." तिचं बरोबर होतं. माझं मनगट मी मोडून पुन्हा घडवलं होतं. डबी नाही, नळी नाही, नुसत्या कातडीवर. आता दहातले आठ चेंडू भिंतीवर आखलेल्या खुणेवर जात होते. अठ्ठाविसावं संपत आलं होतं. या हंगामाला नाही गेलो तर पुढच्याला कोणी विचारणार नाही. एका टिकेपलीकडे तो सगळा हॉल होता, तो प्रकाश, बुटांचा कचकच आवाज, उडी घेतल्यावर सगळं थांबतं तो क्षण. माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. मी आत जाऊन पेन उचललं.

"अशास्त्रीय म्हंजे काय?" बाने पायरीवरून विचारलं.

नेत्रा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, काही नाही बा, कागदाची भाषा आहे. तो म्हणाला, "घरी बनवला तो पदार्थ, म्हंजे माझाच चीक ना? त्याचा काय झाला?" आता खोटं बोलायला जागा नव्हती. मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि सांगितलं. सगळं. उडी, रिकामा कोपरा, चेंडू सुटला नाही ते, लोक हसले ते. दारूचंही सांगितलं. मला वाटलं बाचा चेहरा पडेल. तीन वर्षं मी त्याचीच राखण केली होती. तो काही वेळ स्वतःच्या अंगठ्याने तर्जनी चोळत बसला. मग म्हणाला, "थंडी होती का तिथं?"

"एसी होता, बा. पौषापेक्षा थंड."

"मंग तू त्यात तेल किती घातला?"

"काहीच नाय. नळीतला होता तसाच लावला."

बा माझ्यावर असा भडकला की समोरच्या भाजीवाल्या बाया वळून बघायला लागल्या. "येडा का तू? तो चीक मी वैशाखाचा शिजवला! घट्ट! उन्हात पातळ नाय व्हावा म्हणून! थंडीचा चीक निराळा शिजतो, दोन पळी तेल वरून लागतं, इवलासा होतास तवापासून बघतंस तू. पौषात भांडं कोण धरायचा? तूच ना धरायचास? नि थंड्या घरात वैशाखाचा चीक लावला?" बाला हसणाऱ्यांचं काही नव्हतं, दारूचंही नव्हतं. त्याचा चांगला शिजवलेला चीक चुकीच्या हवेत वापरला होता, आणि वापरणारा त्याचा स्वतःचा पोरगा होता.

"माहीत होतं, बा," मी म्हणालो. "विसरलो."

"विसरलास तं विसरलास सांग. माणूस विसरतो. मी पण एकदा आंब्यावर कोयता विसरून आलो." मग त्याचा आवाज खाली आला. "पण माहीत नव्हता असा कशाला सांगतंस? माझ्या हाताखाली वाढलास. मी काय तुला काय शिकवलाच नाय?"

मी हे तीन वर्षांत एकदाही या बाजूने पाहिलं नव्हतं. मी समजत होतो मी स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं, माझं मी बघून घेईन. पण पडद्याआड त्या खुर्चीत बसून मी या माणसाला अडाणी ठरवलं होतं. वडाला चरा किती खोल पाडायचा म्हणजे झाड दुखत नाही हे ज्याला ठाऊक, कोणत्या महिन्यात किती तेल हे ज्याला ठाऊक, त्याला. आणि वर माझं अडखळणं चांगलं वाटलं होतं त्यांना. संताप आला. असा आला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सौरभ सरांचा आला, फॉर्म लिहिणाऱ्याचा आला, त्यांच्या झाडाची राळ शास्त्रीय आणि आमच्या वडाचा चीक अशास्त्रीय ठरवणाऱ्याचा आला, पण सगळ्यात जास्त माझा मलाच आला. आणि त्या संतापात किती बरं वाटत होतं ते काय सांगू. आजवर मी लाजत होतो, आता चिडलो होतो, आणि चिडलेला माणूस सरळ बसतो.

बा उठला. "रुपी वाट बघत असंल," म्हणाला. मला काही करायला सांगितलं नाही, काही नको म्हणाला नाही. सदरा झटकून बाजाराच्या गर्दीत शिरला आणि एका तराजूपाशी थांबून तीळ बघायला लागला.

मी आत गेलो. नेत्राकडून कोरा कागद मागितला. दोन्ही चौकोनांवर आडवी रेघ मारली आणि कागदावर लिहिलं. मराठीत लिहिलं, त्यांना हवं तर त्यांनी भाषांतर करावं. नियम मला माहीत होता. तो मी मोडला. एका सामन्याची बंदी आणि दंड मी सोसला आहे. चीक माझे वडील बुध्या यांनी शिजवला. तो वडाचा चीक आणि मोहाचं तेल असतो, दारू नसते. त्याच चिकावर मी त्याआधीचे सगळे गोल केले आणि ते संघाच्या व्यवस्थापकांना ठाऊक होतं. उपांत्य सामन्यात हॉल थंड होता, वरून तेल घालायला हवं होतं, ते मी विसरलो. शिजवणाऱ्याची चूक नाही. आता मी कोरड्या हाताने फेकतो. मला खेळायचं आहे. खाली सही केली, इंग्रजीत करतो ती नाही, शाळेत करायचो ती. नेत्राने ते वाचलं, पेनाने केसांत खाजवलं आणि म्हणाली, "दादा, हे पाठवलं की संपलं बरं का." मी म्हणालो पाठव. तिने पाठवलं. स्कॅनचे पैसे घेतले नाहीत, मी द्यायला गेलो तर चिडली.

पाच मिनिटांत फोन आला. "हेमंत, हा काय तमाशा आहे?" सौरभ सरांचा आवाज बारीक झाला होता, दार लावून बोलत असावेत. "व्यवस्थापकांना ठाऊक होतं? मला अडकवतोस तू?"

"तुम्ही माझा हात हुंगला होता, सर."

कुठेतरी लिफ्टची घंटी वाजली. मग ते समजुतीच्या सुरात आले, तो सूर मला त्या पडद्याआडच्या खोलीपासून ओळखीचा आहे. "ऐक माझं. तो कागद मी बघितलाच नाही असं समजतो. फाडून टाकतो. तू फक्त अ ला टिक करून पाठव. एक टिक, बस. तुझ्यासारखी उडी या देशात चार जणांकडे आहे, मला ते कळतं रे. पण मीडियाला काहीतरी द्यावं लागतं. बिचारा, त्याला माहीत नव्हतं, आता शिकला, परत आला. लोकांना आवडतं हे. तुझं नुकसान काय त्यात?"

"मला माहीत होतं सर."

"अरे पण—"

"मला तेव्हाही माहीत होतं. तुम्ही म्हणायला लावलंत आणि मी म्हणालो, ती एक चूक झाली. ती आता परत होणार नाही. असाच्या असा घ्यायचा तर घ्या. उद्या बोलवा, उद्या येतो, चाचणी घ्या, कोरड्या हाताने दहा फेकी मारतो, आठ आत गेल्या नाहीत तर पायी परत येतो."

"असं नाही चालत हेमंत. यादी सहा वाजता जाणार. मला तुझं नाव काढावं लागेल." मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटत होतं; त्यांना गोल हवे होते. "आणि नाव काढलं तर कारण लिहावं लागतं. काय लिहू? वैयक्तिक कारण लिहू?"

मी दुकानाबाहेर उभा होतो. ऊन सरळ डोळ्यांत येत होतं. जीपपाशी माणसं जमायला लागली होती, कुणीतरी बॉनेटवर थाप मारून ओरडत होतं, अरे जव्हार, जव्हारवाला कुठे गेला. मला त्या हॉलची एवढी ओढ लागली होती की उजव्या हाताची बोटं पुन्हा आपोआप पसरली. मला खेळायचं होतं. देवाशपथ, मला या जगात दुसरं काही नको होतं.

"लिहा," मी म्हणालो, "त्याला सगळं येत होतं."

फोन ठेवला आणि भर बाजारात, बायाबापड्यांच्या देखत, मी लहान पोरासारखा हमसून रडलो, आणि त्या रडण्यात पश्चात्ताप औषधालाही नव्हता.